डेव्ह व्हॅलेंटाइन : वाळीत टाकलेला कर्णधार

(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, इतिहास झाला, आरोग्यावरही एक व्याख्यान झाले. आजची संध्याकाळ खेळासाठी राखून ठेवली आहे असे चिटणीसांनी आम्हांला कळवले, तेव्हा आम्ही क्रिकेटवर बोलावे अशीच त्यांची अपेक्षा असणार. बडोद्यात खेळ म्हटला की क्रिकेट, आणि क्रिकेट म्हटले की विजय हजारे! तो विषय आम्ही अगदीच टाळणार नाही. परंतु आज मुख्यत्वे बोलायचे आहे ते एका स्कॉटिश माणसाविषयी. डेव्ह व्हॅलेंटाइन हे त्याचे नाव. तो रग्बी लीग नावाचा खेळ खेळला, पुढे त्याच खेळाचा प्रशिक्षक झाला. त्याने जे मिळवले ते मोठेच आहे. पण ते मिळवण्यासाठी त्याला काय सोडावे लागले, हा भाग आम्हांला अधिक विचार करण्यासारखा वाटतो.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देतो. रग्बी म्हणजे लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू हातात घेऊन धावत जाणे आणि तो प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणे. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, बाजूच्या किंवा मागच्या सोबत्याकडेच द्यायचा. धावणाऱ्याला प्रतिपक्षाने धरून पाडायचे. तरुणपणी ज्यांनी हुतूतूत चढाई करणाऱ्याची पकड केली असेल त्यांना यातले मर्म लगेच कळेल. फरक इतकाच की येथे अंगावर येणारा गडी पूर्ण वेगाने येतो आणि मैदान शंभर यार्डांचे असते. चेंडू रेषेपलीकडे टेकला की ती 'ट्राय', तिचे त्या काळी ३ गुण. उभ्या खांबांमधून, आडव्या दांडीवरून चेंडू लाथेने धाडला की २ गुण.

आता या खेळाचे दोन पंथ आहेत. मूळ पंथ रग्बी युनियनचा, पंधरा गड्यांचा. दुसरा रग्बी लीगचा, तेरा गड्यांचा. दोन पंथ पडले ते नियमांवरून नव्हेत, पैशावरून पडले, आणि ही हकीकत जराशी सविस्तर सांगितल्यावाचून व्हॅलेंटाइन समजणार नाही.

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशर आणि लँकेशर या परगण्यांत, रग्बी खेळणारे पुष्कळसे लोक गिरणीत, खाणीत, गोदीत काम करणारे होते. शनिवारी अर्धा दिवस काम असे. सामन्यासाठी दूरच्या गावी जायचे तर तेवढी मजुरी बुडे. बुडालेली मजुरी तरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. १८९३ साली लंडनच्या सभेत ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. खेळ हा सद्गृहस्थाने हौसेसाठी खेळायचा, त्यात पैसा आला की तो विटाळला, ही वरिष्ठ मंडळींची धारणा. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड शहरातल्या जॉर्ज हॉटेलात २० हून अधिक उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. बुडालेल्या मजुरीबद्दल दिवसाला सहा शिलिंग, हा त्यांचा पहिला दर. पुढे त्यांनी गड्यांची संख्या तेरावर आणली, नियम बदलले, आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ झाला.

युनियनवाल्यांनी यावर काय केले? जो कोणी लीगमध्ये जाईल, तिथे पैसे घेईल किंवा नुसता त्यांच्याबरोबर खेळेल, त्याला जन्मभर वाळीत टाकले. हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. आपल्याकडे जातपंचायती जसे रोटीव्यवहार बंद करीत, तसाच हा प्रकार होता. स्कॉटलंडची युनियन तर या बाबतीत सगळ्यांत सोवळी. १९०८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ दौऱ्यावर आला तेव्हा त्याच्या गड्यांना किरकोळ खर्चासाठी रोज तीन शिलिंग मिळतात, एवढ्यावरून स्कॉटलंडने त्यांच्याशी सामना खेळण्याचे नाकारले!

इथे एक गोष्ट बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. आपल्यासारख्या संस्थांत 'मानद' या शब्दाला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. मानद चिटणीस, मानद खजिनदार यांच्या कष्टांवर अशा संस्था पन्नास-पन्नास वर्षे उभ्या राहतात. परंतु मानद काम करायलाही घरी दोन वेळची सोय असावी लागते. ज्याच्या घरी ती नाही त्याने आपल्या अंगच्या गुणाचा मोबदला घेतला, तर त्याची निष्ठा कमी ठरते काय? लंडनच्या आणि एडिंबराच्या मंडळींनी 'होय' असे उत्तर दिले आणि शंभर वर्षे ते बदलले नाही.

व्हॅलेंटाइनचा जन्म १९२६ सालच्या सप्टेंबरात हॉइक या गावी झाला. हॉइक हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळचे, टेव्हियट नदीकाठचे लहानसे गाव. लोकरीचे विणलेले कपडे हा तिथला धंदा, आणि रग्बी हा तिथला धर्म म्हटले तरी चालेल. दरवर्षी जूनमध्ये गावकरी घोड्यांवरून गावाच्या शिवेची फेरी काढतात आणि १५१४ साली गावच्या पोरांनी इंग्रजांच्या टोळीकडून हिसकावून आणलेल्या निशाणाची आठवण जागवतात. सीमेवरच्या गावाचा अभिमान कसा असतो ते आपल्या बेळगावकडच्या मंडळींना सांगायला नको. अशा गावात रग्बी खेळून स्कॉटलंडचा सदरा अंगावर घालणे म्हणजे सात पिढ्यांचे सार्थक.

तो सदरा व्हॅलेंटाइनला विसाव्या वर्षी मिळाला. १९४७ साली तो स्कॉटलंडतर्फे दोन सामने खेळला, एक आयर्लंडशी आणि दुसरा इंग्लंडशी. दोन्ही सामने स्कॉटलंडने गमावले. त्या वर्षी त्यांचे सगळेच पराभव झाले होते. पण इंग्लंडशी झालेल्या सामन्याकडे आपण थोडे लक्ष द्यावे, कारण त्याचा आपल्या देशाशी धागा आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या चषकासाठी खेळतात त्याचे नाव कलकत्ता चषक. कलकत्त्यात साहेब लोकांनी काढलेला रग्बीचा क्लब बंद पडला, तेव्हा बँकेत शिल्लक उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी हा पेला करवून घेतला आणि १८७८ साली विलायतेला पाठवून दिला. त्याच्या मुठींना नाग आहेत, झाकणावर हत्ती आहे. हौशी खेळाचे ते परमपवित्र चिन्ह मुळात आपल्या रुपयांचे आहे, याची आम्हांला नेहमी गंमत वाटते.

हा सामना १९४७ सालच्या मार्च महिन्यात झाला. त्याच महिन्यात याच बडोद्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदच्या ३१९. हजारे मूळचे सांगलीचे. बडोदे संस्थानाने त्यांना आश्रय दिला, नोकरी दिली, आणि पुढे ते लँकेशरच्या लीगमध्ये व्यावसायिक म्हणून पगार घेऊन खेळले. तिकडे इंदुरात होळकरांनी सी. के. नायडूंना बोलावून आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला होता. या दोघांना कुणी वाळीत टाकले काय? उलट दोघेही भारताचे कर्णधार झाले. गुणी माणसाला आश्रय द्यावा लागतो हे आपल्या संस्थानिकांना कळत होते, मग तो गवई असो, मल्ल असो की फलंदाज.

व्हॅलेंटाइनला असा राजाश्रय नव्हता. त्याच वर्षी हडर्सफील्डच्या रग्बी लीग क्लबाने त्याला बोलावले आणि तो गेला. क्षणभर हे डोळ्यांसमोर आणा. वीस-एकवीस वर्षांचा पोर, नुकताच देशाचा खेळाडू झालेला. कागदावर सही केली की रोख रक्कम हाती पडणार आणि प्रत्येक सामन्याचे पैसे मिळणार. पण ज्या गावाने वाढवले त्या गावाच्या संघातून कधीही पुन्हा खेळता येणार नाही. तिथे जाऊनही काही नवाबी थाट नव्हता. लीगचे बहुतेक खेळाडू आठवडाभर कुठेतरी नोकरी करीत, संध्याकाळी सराव करीत आणि शनिवारी सामना खेळत.

हडर्सफील्ड म्हणजे ज्या गावी १८९५ साली ही वेगळी चूल मांडली गेली तेच गाव. फार्टाउन हे त्यांचे मैदान. त्या काळी तिथे मोठी मौजेची मंडळी जमली होती. ऑस्ट्रेलियाहून आलेले लायनेल कूपर, पॅट डेव्हरी आणि जॉनी हंटर हे तिघे संघाचे आधारस्तंभ. त्यांत आता हा स्कॉट येऊन मिळाला. त्याची जागा 'लूज फॉरवर्ड'ची. स्क्रममध्ये, म्हणजे गडी एकमेकांना खांदे भिडवून वाकतात त्या झुंडीत, तो सगळ्यांत मागे असतो. चेंडू बाहेर पडताच सर्वांआधी सुटून प्रतिपक्षाला गाठायचे आणि चेंडू आपला असेल तर पुढच्या धावेला सोबत करायची, असे दुहेरी काम. या जागेवरच्या माणसाला आपला आणि परका दोन्ही संघ समोर दिसतात. नजर शाबूत असेल तर तो मैदानातला कारभारीच होतो.

१९४९ साली हडर्सफील्डने वॉरिंग्टनला १३-१२ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. मँचेस्टरच्या त्या सामन्याला ७५,००० वर प्रेक्षक होते. १९५३ साली वेंब्लीवर सेंट हेलन्सचा १५-१० असा पराभव करून चॅलेंज चषक जिंकला. दरम्यान व्हॅलेंटाइन ग्रेट ब्रिटनच्या संघातही आला. १९४८-४९ च्या हंगामात ऑस्ट्रेलियाविरुद्धचे तिन्ही कसोटी सामने ब्रिटनने जिंकले, त्या तिन्हींत तो होता. एक विचित्र गोष्ट मात्र पाहा. इंग्लंड, वेल्स, फ्रान्स यांचे लीगचे स्वतंत्र राष्ट्रीय संघ होते, स्कॉटलंडचा नव्हता. म्हणून युरोपीय स्पर्धेत हा हॉइककर खेळे तो 'इतर राष्ट्रीय' नावाच्या संघातून, ऑस्ट्रेलियन, आयरिश अशा सरमिसळ सोबत्यांबरोबर. ज्या स्कॉटलंडने वाळीत टाकले त्याच्या नावाने खेळायचीही सोय राहिली नाही!

आता १९५४ सालाकडे येतो. हा आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

फ्रान्समध्येही तेरा गड्यांचा खेळ रुजला होता. पण युद्धकाळात, १९४१ साली, व्हिशी सरकारने त्यावर चक्क कायद्याने बंदी घातली आणि त्याच्या संस्थेची मालमत्ता जप्त केली. खेळ बंद करून त्याची तिजोरी सरकारने उचलावी, असे दुसरे उदाहरण आमच्या माहितीत नाही. युद्ध संपल्यावर ज्यांनी तो पुन्हा उभा केला त्यांत पॉल बॅरिएर हा तरुण अध्यक्ष पुढे होता. युद्धात तो जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत होता. फ्रान्समध्ये जागतिक स्पर्धा भरवावी ही त्याचीच धडपड, आणि चषकही त्यानेच दिला. फ्रान्स, ग्रेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असे चार संघ ठरले. रग्बीच्या कोणत्याही पंथाची ही पहिली जागतिक स्पर्धा. युनियनवाल्यांना अशी स्पर्धा भरवायला १९८७ साल उजाडावे लागले.

ब्रिटनची त्या वेळी अवस्था फार वाईट होती. त्याच उन्हाळ्यात त्यांचा संघ ऑस्ट्रेलियाचा लांबलचक दौरा करून आला होता आणि मालिका २-१ अशी हरला होता. दमलेल्या, दुखावलेल्या त्या नामांकितांपैकी बहुतेक जण फ्रान्सला गेलेच नाहीत. मग जे हाताशी होते त्यांना गोळा करून संघ पाठवला गेला. त्यात कित्येकांनी तोवर एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नव्हता. या गोळाबेरीज संघाचे कर्णधारपद व्हॅलेंटाइनला दिले. त्याचे वय अठ्ठावीस. इतक्या नवख्यांना घेऊन निघालेल्या कर्णधारावर शिकवण्याचीही बरीच जबाबदारी पडते; पुढे जो प्रशिक्षक झाला त्याची पहिली शाळा इथेच भरली असे आम्ही मानतो.

३१ ऑक्टोबरला ल्योंच्या मैदानावर पहिली गाठ ऑस्ट्रेलियाशी, म्हणजे ज्यांच्याकडून उन्हाळ्यात मार खाल्ला त्यांच्याशीच. निकाल लागला ब्रिटन २८, ऑस्ट्रेलिया १३! आठवड्याने तुलूझ येथे फ्रान्सशी सामना. तुलूझ म्हणजे तेरा गड्यांच्या खेळाचा फ्रान्समधला बालेकिल्ला. ३७,००० वर माणूस लोटला होता. तो सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. ११ नोव्हेंबरला बोर्दो येथे न्यूझीलंडला २६-६ असे हरवले. त्याच दिवशी फ्रान्सनेही ऑस्ट्रेलियाला हरवले. दोघांचे गुण सारखे झाले, तेव्हा अंतिम सामना खेळवणे भाग पडले. आणि तो कधी? दोनच दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, पॅरिसमध्ये. ज्या खेळात अंगाचा प्रत्येक सांधा बोलू लागतो त्यात गुरुवारी एक सामना खेळून शनिवारी जगज्जेतेपदाला उभे राहायचे!

पॅरिसच्या पार्क दे प्रेंस मैदानावर ३०,००० प्रेक्षक, सगळे फ्रान्सच्या बाजूचे. फ्रान्सकडे पुइग-ओबेर नावाचा अवलिया होता. सिगारेटचा भोक्ता, सरावाचा कंटाळा करणारा, पण मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून चेंडू नेमका खांबांमधून धाडणारा. त्याच्या पायाने फ्रान्सचे गुण वाढत होते. ब्रिटनची भिस्त धावण्यावर होती. त्यांनी चार वेळा फ्रान्सची रेषा ओलांडली. गॉर्डन ब्राउनने दोनदा, डेव्हिड रोझ आणि गेरी हेल्मे यांनी एकेकदा. फ्रान्सला दोनदाच जमले. शेवटी १६-१२.

सामना संपल्यावर गड्यांनी कर्णधाराला खांद्यावर घेतले. रग्बीतला पहिला जागतिक चषक ज्याच्या हाती आला तो हॉइकचा, सात वर्षांपूर्वी बहिष्कृत झालेला पोर होता. इंग्लंडचा बॉबी मूर फुटबॉलचा जागतिक चषक उंचावणार होता त्याला अजून बारा वर्षे अवकाश होता. मूरचे नाव जगाला पाठ आहे. व्हॅलेंटाइनचे किती जणांना?

त्या चषकाचे नशीबही त्याच्या कर्णधारासारखेच निघाले. १९७० साली ब्रॅडफर्डमधल्या एका हॉटेलातून तो चोरीला गेला आणि वीस वर्षांनी, १९९० साली, त्याच शहरात केरकचऱ्यात पडलेला सापडला.

जगज्जेतेपदानंतर थोडीच वर्षे व्हॅलेंटाइन खेळला. १९५७ च्या सुमारास त्याचे खेळणे थांबले आणि हडर्सफील्डनेच त्याला प्रशिक्षक नेमले. दिवस बदलले होते. ऑस्ट्रेलियन त्रिकूट गेले होते, जुना दरारा ओसरला होता. आणि प्रशिक्षकाचे काम कर्णधाराहून अवघड. कर्णधाराला चूक दिसली तर तो स्वतः धावत जाऊन सावरतो. त्या काळी तर सामना सुरू झाल्यावर बदली खेळाडूही पाठवता येत नसे. कुणी जायबंदी झाला तर बाराच गड्यांनी खेळायचे. प्रशिक्षकाने आठवडाभर काय सांगितले असेल तेवढीच त्याची पुंजी. त्यानंतर त्याने बाकावर बसून पाहायचे.

१९६२ सालच्या मे महिन्यात व्हॅलेंटाइनचा संघ वेंब्लीवर चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्याला पोचला. समोर वेकफील्ड ट्रिनिटी हा त्या हंगामातला सर्वांत बलाढ्य संघ. त्यांच्या नील फॉक्सने धावता धावता चेंडू टप्पा पाडून तीनदा खांबांमधून मारला, एक ट्रायही केली, आणि हडर्सफील्ड १२-६ असे हरले. वेकफील्डच्या खिशात आता तीन करंडक झाले. चौथा, अजिंक्यपदाचा, मिळाला की एका हंगामात चारही करंडक जिंकण्याचा दुर्मीळ पराक्रम पुरा होणार होता. तोवर तो फक्त तीन संघांनी केला होता, आणि त्यांतला एक १९१५ सालचा हडर्सफील्डच!

अजिंक्यपदाचा सामना बरोबर सात दिवसांवर, ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर. प्रतिपक्ष पुन्हा वेकफील्ड. हडर्सफील्ड तिथवर पोचले होते ते चौथ्या क्रमांकावरून, उपान्त्य सामन्यात बलाढ्य विगनला त्यांच्याच घरी हरवून. शनिवारी ज्यांनी लोळवले त्यांच्यासमोर पुढच्या शनिवारी तीच मुले उभी करायची होती. त्या आठवड्यात व्हॅलेंटाइन त्यांच्याशी काय बोलला असेल ते ऐकायला आम्हांला फार आवडले असते. निकाल मात्र सर्वांसमोर आहे : हडर्सफील्ड १४, वेकफील्ड ५. फ्रँक डायसनच्या पायाने गोल साधत गेले आणि वेकफील्डचा चौथा करंडक हुकला. हडर्सफील्डला अजिंक्यपद मिळाले ते तेव्हाचे. त्यानंतर साठ वर्षे उलटून गेली तरी पुन्हा मिळालेले नाही.

व्हॅलेंटाइनच्या घरची एक गोष्ट राहिली. ते तिघे भाऊ खेळाडू. अलेक हा युनियनमध्येच राहिला आणि १९५३ साली स्कॉटलंडतर्फे खेळला. डेव्हने वेंब्लीवर चॅलेंज चषक जिंकला तेच ते वर्ष. धाकटा रॉब मात्र डेव्हच्या वाटेने हडर्सफील्डला आला आणि १९६७ साली ग्रेट ब्रिटनच्या संघात खेळला. एका आईची तीन मुले, एकाच आकाराच्या चेंडूने खेळणारी; त्यांतला एक सोवळा, दोघे ओवळे. जेवणाच्या टेबलावर ही तिघे एकत्र बसत असतील तेव्हा नियमाचे पुस्तक कुठे ठेवत असतील?

डेव्ह व्हॅलेंटाइन १९७६ सालच्या ऑगस्टमध्ये वारला, पन्नाशीला महिना राहिला असता. रग्बी युनियनने पैसे घेऊन खेळण्यावरची बंदी उठवली ती १९९५ साली, जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीला शंभर वर्षे पुरी होता होता. आज त्यांचे खेळाडू लाखांनी कमावतात. कुणी लीगमधून युनियनमध्ये जातो, कुणी उलटा येतो, त्याचे कुणाला काही वाटत नाही. त्याच १९९५ साली स्कॉटलंडचा स्वतःचा रग्बी लीग संघ मैदानात उतरला. त्या संघातल्या उत्कृष्ट खेळाडूला जे पारितोषिक देतात, त्याला 'डेव्ह व्हॅलेंटाइन पारितोषिक' असे नाव आहे.